सेफ क्लस्टर: प्रती किती, यापेक्षा कुठे

सेफ (Ceph) ही अनेक सर्व्हरांच्या डिस्क एकत्र जोडून डेटाच्या प्रती ठेवणारी साठवण-प्रणाली. तिच्यात नवीन पूल (डेटा ठेवण्याचा कप्पा) तयार करताना साइझ, म्हणजे एकूण प्रती, 3 आणि मिन-साइझ, म्हणजे कामकाजासाठी लागणाऱ्या किमान प्रती, 2 ठेवावा. तीनपैकी दोन प्रती उपलब्ध असेपर्यंत कामकाज चालते. एकच उरली की डेटाच्या त्या भागातील वाचन आणि लेखन दोन्ही थांबतात. असे थांबणे वापरकर्त्यांना खटकते म्हणून मिन-साइझ 1 करण्याचा आग्रह होतो, तो मानू नये, कारण त्या एकमेव डिस्कवर नुकतेच लिहिलेले काही डिस्कबरोबरच नष्ट होऊ शकते.

तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरांवर ठेवायच्या असतील, तर सर्व्हर किमान चार घ्यावेत. डिस्क बंद पडल्यावर साधारण 600 सेकंदांनी क्लस्टर तिला बाद धरून हरवलेल्या प्रती इतरत्र तयार करू लागतो. तीनच सर्व्हर असताना त्यांपैकी एक गेला, तर चौथी जागाच नसते. डिस्क 85 टक्के भरताच इशारा येतो आणि 95 टक्क्यांवर लेखन बंद होते, त्यामुळे एक सर्व्हर गेल्यावरही उरलेल्यांत सगळे मावेल, इतकी जागा मोकळी असावी.

सगळे सर्व्हर पणजीतल्या एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर असतील, तर जूनमधल्या पहिल्या गडगडाटात तिन्ही प्रती एकदम बंद पडू शकतात. दुसरे केंद्र मडगावात असल्यास स्ट्रेच मोड (एकच क्लस्टर दोन केंद्रांत पसरवण्याची पद्धत) वापरावा: प्रत्येक ठिकाणी दोन प्रती आणि दोन मॉनिटर, म्हणजे क्लस्टरची स्थिती बहुमताने ठरवणारे प्रोग्रॅम. पाचवा मॉनिटर फोंड्यासारख्या तिसऱ्या ठिकाणी हवाच. तो नसेल तर दोन केंद्रांमधला दुवा तुटल्यावर कोणत्याच बाजूला बहुमत राहत नाही. त्याला डेटा ठेवायचा नसल्याने साधे यंत्र पुरते. इथे खरी खबरदारी फायबरची आहे. दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या घेतल्या आणि दोन्ही कुठ्ठाळीच्या पुलावरूनच झुआरी ओलांडत असतील, तर ती एकच जोडणी समजावी. दुसरी बोरीच्या पुलावरून मागावी आणि कंपनीकडून मार्ग लेखी घ्यावा. प्रत्येक लेखन दोन्ही शहरांतील प्रती पूर्ण झाल्यावरच मान्य होत असल्याने दुव्याचा विलंबही आधी मोजावा. इरेजर कोडिंगने (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि दुरुस्तीपुरते जादा तुकडे ठेवण्याने) जागा वाचते, पण स्ट्रेच मोडमध्ये ते चालत नाही.

कामकाज सुरू करण्यापूर्वी आधी एका सर्व्हरची, मग एका संपूर्ण केंद्राची वीज मुद्दाम तोडून पाहावी. नियोजित दुरुस्तीपूर्वी मात्र नोआउट ध्वज (बंद डिस्क बाद धरू नये, अशी क्लस्टरला सूचना) लावावा, म्हणजे निष्कारण पुनर्बांधणी होत नाही. काम संपताच तो काढावा, अन्यथा खरोखर डिस्क गेल्यावरही क्लस्टर स्वस्थ बसून राहील.