मोठ्या पाईकसाठी आमिष निवडताना: आधी खोली, मग वेग, रंग सर्वांत शेवटी

पाईक, म्हणजे थंड पाण्यातला लांबट, दातेरी शिकारी मासा. त्याच्यासाठी कोणते लुअर, म्हणजे कृत्रिम आमिष, घ्यावे असे विचारले, की दुकानदारापासून धक्क्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसापर्यंत प्रत्येक जण आधी रंग सांगतो. ढगाळ हवेला अमुक, उन्हाला तमुक, गढूळ पाण्याला आणखी तिसराच. हा सल्ला अगदीच खोटा नाही, पण तो चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. भडक गुलाबी रबरी मासा योग्य खोलीवरून योग्य वेगाने गेला तर मोठा पाईक तो घेतो. आणि हुबेहूब हेरिंग या लहान समुद्री माशासारखे रंगवलेले महागडे आमिष त्याच्या पोटाखालून निघून गेले, तर तो जागचा हलतही नाही.

येथे जे लिहिले आहे ते स्वीडनमधील दोन पाण्यांपुरते आहे: स्टॉकहोमसमोरचा बाल्टिक समुद्रातील द्वीपसमूह आणि शहराच्या पश्चिमेचे मेलारेन सरोवर. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आणि कोकणात कधीतरी गरवायला बसलेल्या वाचकाला ही दोन्ही पाणी सहज गाठता येतात. १९८५ पासून पूर्व किनाऱ्यावर आणि मेलारेनसह पाच मोठ्या सरोवरांत गळाने मासेमारी करणे सर्वांना खुले आहे. तथापि बाल्टिक किनाऱ्याच्या बऱ्याच भागांत दिवसाला माणशी तीनच पाईक ठेवता येतात आणि तेही ४० ते ७५ सेंटिमीटर लांबीचेच. शिवाय वसंत ऋतूत अंडी घालण्याच्या अनेक खाड्या मासेमारीला बंद असतात. म्हणजे ज्या माशासाठी हा लेख आहे तो तिथे पाण्यात परत सोडावाच लागतो. त्या वर्षीचे नियम पाहूनच निघावे.

मोठा म्हणजे किती, हेही आधी ठरवून घ्यावे. मीटरभर लांबीचा पाईक साधारण सात ते आठ किलोंचा भरतो आणि दहा किलोंसाठी लांबी ११० सेंटिमीटरच्या आसपास लागते. या मापाचे मासे जवळजवळ नेहमी माद्याच असतात, कारण नर तेवढे वाढत नाहीत. जागतिक विक्रमाचा मासा, जर्मनीतील ग्रेफर्न येथे १९८६ साली पकडलेला, सुमारे २५ किलोंचा होता. तो आकडा डोक्यातून काढून टाकावा आणि मीटरच्या खुणेकडे लक्ष द्यावे.

साहित्य

८० ते १५० ग्रॅम फेकू शकणारा कास्टिंग रॉड, त्याला साजेसे बसके रीळ, सुमारे ०.३० मिलिमीटर जाडीची विणीची दोरी आणि तिच्या टोकाला किमान ४० सेंटिमीटरचा पोलादी किंवा टायटॅनियमचा लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांना जोडणारा तुकडा. साध्या तंगुसाचा लीडर पाईकचे दात कापतात आणि तोंडात गळ अडकलेला मासा निघून जातो, म्हणून या बाबतीत तडजोड नाही. पकड, गळ कापण्याची कातर आणि रबरी जाळीचे मोठे झेले होडीत नसेल, तर होडी धक्क्यावरून सोडूच नये.

कुठे आणि केव्हा

बर्फ वितळल्यानंतर माद्या उथळ, गवताळ खाड्यांत अंडी घालतात. त्या काळात त्यांना त्रास देऊ नये, नियमाने ती खाडी खुली असली तरीही. उन्हाळ्यात मोठे मासे थंड पाण्याच्या आणि हेरिंगच्या मागे बाहेरच्या बेटांकडे जातात. पृष्ठभागाचे पाणी वीस अंशांच्या वर गेले की मोठ्या माद्यांच्या मागे लागणे मी पूर्णपणे थांबवतो, कारण त्या तापमानात झुंज दिलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी वाचेलच असे नसते. खरा हंगाम म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, जेव्हा पाणी बारा अंशांवरून सहाकडे उतरत असते आणि माद्या हिवाळ्यापूर्वी भरपूर खात असतात. बोरूच्या बनाची बाहेरची कड, दोन बेटांमधल्या अरुंद वाटा, आणि जिथे तीन मीटरचा उथळ माथा एकदम सात-आठ मीटरमध्ये उतरतो त्या जागा आधी धुंडाळाव्यात. कोकणातून आलेल्या माणसाने एक ध्यानात ठेवावे, की तिथे जाणवण्याइतकी भरती-ओहोटी नाही. पाण्याची पातळी वारा आणि हवेचा दाब यांमुळे बदलते आणि अरुंद वाटांमधून प्रवाह सुरू होतो तोही त्यामुळेच.

लुअरचे चार प्रकार पुरेत

पेटी भरून लुअर नेणारा माणूस दिवसभर गाठी सोडत आणि बांधत बसतो. पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर लांबीचा, शेपूट हलवणारा रबरी मासा. बाजूला झोके घेत सरकणारा जर्कबेट. गवतातून अडकल्याशिवाय येणारा स्पिनरबेट. आणि दूरवर फेकता येणारा जड धातूचा चमचा. यांतला रबरी मासा दोन वजनांत घ्यावा, एक जवळजवळ तरंगता आणि एक चटकन बुडणारा. लहान आमिषालाही मोठी मादी लागते हे खरे. पण लहान आमिषाला तिच्याआधी दहा लहान पाईक लागतात आणि मोठ्या मासळीची तयारी त्यांना सोडवण्यातच संपते. स्वच्छ पाण्यात रुपेरी व तपकिरी आणि गढूळ पाण्यात भडक, एवढी रंगाची विभागणी करून तो विषय मिटवावा.

खोली आणि वेग

आता अवघड भाग. पाईकचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, पुढे आणि वर पाहण्यासाठी बसवलेले असतात आणि तो भक्ष्यावर बहुधा खालून झेपावतो. म्हणून आमिष माशाच्या पातळीवर किंवा त्याच्या किंचित वरून गेले पाहिजे. चार मीटरवर मासे असतील तर आमिष तीन मीटरवरून न्यावे. पाच मीटरवरून नेऊ नये. तळाला घासत आणण्याचा सल्ला झांडर माशासाठी ठीक आहे. तोच पाईकसाठी देणाऱ्यांचे ऐकून मी बराच काळ नुसते गवत उपसले आहे.

आपले आमिष किती खोलीवरून येते हे अंदाजाने सांगणारे बहुतेक जण चुकतात आणि चूक नेहमी एकाच बाजूची असते: त्यांना वाटते त्यापेक्षा आमिष बरेच वर असते. ओढ सुरू झाली की दोरी आमिषाला वर उचलते. दोरी जितकी जाड, वेग जितका जास्त आणि रॉडचे टोक जितके वर, तितके आमिष अधिक वर चढते. यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. स्वच्छ पाण्याच्या धक्क्यावर उभे राहून प्रत्येक आमिष सैल दोरीवर बुडू द्यावे आणि दोन मीटर जाण्यास त्याला किती सेकंद लागतात ते मोजावे. मग तेच आमिष निरनिराळ्या वेगांनी धक्क्याच्या कडेने ओढून ते कुठे तरंगत राहते ते डोळ्यांनी पाहावे. निघालेला आकडा आमिषाच्या पोटावर पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवावा. होडीत बसल्यावर फेक टाकायची, मनात सेकंद मोजायचे आणि हव्या खोलीवर पोचल्यावरच रीळ फिरवायचे. आमिष वर चढत आहे असे वाटले तर वेग कमी करण्याआधी रॉडचे टोक पाण्याकडे झुकवावे. तेवढ्याने बरेचदा काम होते.

जर्कबेटच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, ज्याचा उल्लेख दुकानात कोणी करत नाही. ओढ थांबताच जागच्या जागी लटकून राहणारे जर्कबेट थंड पाण्यात सर्वांत प्रभावी ठरते, कारण सुस्त मादी त्या थांब्यातच निर्णय घेते. पण ते लटकणे पाण्याच्या घनतेवर अवलंबून असते. मेलारेनचे पाणी गोडे आहे, तर स्टॉकहोमच्या द्वीपसमूहात क्षारता हजारी पाच-सहाच्या आसपास असते. हा फरक जिभेला फारसा जाणवत नाही, पण शंभर ग्रॅमच्या आमिषाला सुमारे अर्धा ग्रॅम जास्त उचल मिळते आणि मेलारेनमध्ये स्थिर लटकणारे तेच आमिष समुद्रात सावकाश वर चढू लागते. वर चढणारे आमिष पाहून थंड पाण्यातील मासा मागे येतो, नाक लावतो आणि वळून जातो. गळाच्या दांड्याला शिशाच्या तारेचे दोन-तीन वेढे घालावेत, होडीच्या कडेला सोडून पाहावे आणि आमिष स्थिर राहीपर्यंत तार वाढवावी किंवा कातरावी. लीडर जड लावला तर नाक खाली झुकते, म्हणून ही चाचणी लीडरसहच करावी. पाण्याचे तापमान उतरले तरी उचल थोडी वाढते, त्यामुळे ऑक्टोबरात जुळवलेले आमिष नोव्हेंबरात पुन्हा तपासावे लागते.

वेगाचा नियम तापमानाशी बांधलेला आहे. पाणी बारा-चौदा अंशांचे असताना मासा आमिषाचा पाठलाग करतो. तेव्हा सरळ, जलद ओढ आणि मध्येच दिलेला एखादा झटका पुरतो. सहा-सात अंशांवर मात्र रिळाचा अर्धा फेरा, मग तीन ते पाच सेकंद संपूर्ण थांबा, पुन्हा अर्धा फेरा, अशी लय ठेवावी लागते. हा थांबा माणसाला सहन होत नाही. हात आपोआप फिरू लागतो. म्हणून मनातल्या मनात नव्हे, तर ओठ हलवून आकडे मोजावेत. थांब्यात बसलेला दंश हातापर्यंत पोचतोच असे नाही. दोरी पाण्यावर जिथे शिरते त्या बिंदूकडे टक लावून पाहावे; ती किंचित बाजूला सरकली, किंवा बुडत असलेले आमिष अकाली थांबल्यासारखे सैल पडले, की सैल दोरी गुंडाळून घेऊन रॉड आडवा, कमरेच्या जोराने ओढावा. पाईकचे तोंड हाडाळ असते आणि तो मोठे आमिष जबड्यात घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे मनगटाच्या नाजूक हिसक्याने गळ रुततच नाही. रॉड वर उचलून झटका देणारे लोक आमिष माशाच्या तोंडातून बाहेर काढतात आणि मग मासे चावतच नाहीत म्हणून तक्रार करतात.

एका जागी वीस फेका झाल्या, खोली दोनदा बदलून पाहिली आणि काहीच घडले नाही, तर आमिष नव्हे, जागा बदलावी.

होडीपर्यंत मागे आलेला मासा

मोठी मादी पुष्कळदा आमिषामागे होडीपर्यंत येते. तिला पाहून ओढ थांबवणे ही सर्वसाधारण प्रतिक्रिया असते आणि ती चूक आहे, कारण पळणारे भक्ष्य एकाएकी थांबले की तिचा संशय पक्का होतो. लीडरची गाठ टोकाच्या कडीपासून वीतभर खाली असतानाच रॉडचे टोक पाण्यात खोल बुडवावे आणि आमिषाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मोठी, गोलाकार वळणे द्यावीत. वेग कमी न करता, उलट वळणावर थोडा वाढवून. वळणे अरुंद ठेवू नयेत, कारण मीटरभर लांबीच्या शरीराला तीव्र वळण घेता येत नाही. दंश बसलाच तर तो अगदी आखूड दोरीवर बसतो. रिळाचा ब्रेक आधीच थोडा सैल केलेला नसेल तर रॉड मोडतो किंवा गळ सरळ होतो.

दोरी तळात अडकली तर ती हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. तीस किलो ताणाची विणीची दोरी बोट हाडापर्यंत कापते. लाकडाच्या तुकड्याला वेढे घालून ओढावे.

सोडवणे

मासा झेल्यात आला की तो पाण्यातच ठेवून गळ सोडवावा. तिहेरी गळांचे उलटे काटे घरीच पकडीने दाबून आणलेले असावेत, म्हणजे हे काम काही सेकंदांचे होते. गळ खोल रुतला असेल तर तो ओढण्याऐवजी कातरीने तोडावा. गळ काही रुपयांचा असतो, मादी मात्र दहा-पंधरा वर्षांची असू शकते. छायाचित्र हवेच असेल तर कल्ल्याच्या झाकणाखाली, जबड्याच्या हाडाकडे बोटे सरकवून, कल्ल्यांच्या लाल कमानींना स्पर्श न करता धरावे आणि दुसऱ्या हाताने पोटाला आधार द्यावा. नुसत्या जबड्याने उभा लटकवलेला जड मासा आतून दुखावतो. सोडताना तो स्वतःच्या शेपटीच्या जोराने हात सोडवेपर्यंत पाण्यात सरळ धरून ठेवावा. त्याला पुढे-मागे ढकलत बसू नये.

मासा गेल्यावर लगेच पुढची फेक टाकण्याआधी लीडर बोटांतून सरकवून पाहावा. पोलादी तारेला पीळ किंवा टोकदार बाक पडला असेल तर ती फेकून नवी लावावी, कारण माद्या खाण्यावर आल्या की त्याच कडेला तासाभरात दुसरी लागते आणि कमजोर झालेली तार तिच्याच वेळी तुटते.