लहान मुलांना आपले गाव शिकवताना या चुका टाळा

अंगणवाडीत किंवा पहिली-दुसरीच्या वर्गात ‘आपला परिसर’ शिकवायला घेतला की बहुतेक ठिकाणी भिंतीवर ‘आपले मदतनीस’ हा तक्ता लागतो. त्यावर अग्निशमन दलाचा जवान असतो, वाहतूक पोलीस असतो आणि पांढऱ्या कोटातला डॉक्टर असतो. यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या आडगावच्या मुलाने यांपैकी एकालाही गावात पाहिलेले नसते. त्याला रोज दिसतात ते नळाचा वॉल फिरवणारे ग्रामपंचायतीचे शिपाईकाका, खांबावर चढणारा लाईनमन, सकाळी आखरावर गुरे जमवून रानात नेणारा गायकी, घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आणि रेशन दुकानदार, पण हे लोक तक्त्यावर नसतात. मग मूल धडा पाठ करते, आणि परिसर म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी गावाची गोष्ट आहे असा समज करून घेते. तक्ता काढण्याची गरज नाही, तो उशिरा लावावा. आधी ‘काल तुमच्या घरी कोण कोण आले होते आणि कशासाठी?’ एवढा एकच प्रश्न वर्गात विचारावा आणि उत्तरांतून निघणारी यादी फळ्यावर लिहावी.

पाठ्यपुस्तकाकडून फार अपेक्षा ठेवणे ही याच जातीची चूक. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघत आले आहे आणि ही सोय चांगलीच आहे, परंतु यवतमाळ जिल्ह्यातच 16 तालुके आहेत. वणीकडच्या मुलाला कोळशाचे ट्रक रोजचे आहेत, तर पुसदकडच्या मुलाला बंजारा तांडे ओळखीचे आहेत, आणि एकाच पुस्तकात दोघांचेही गाव पुरते मावणे शक्य नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र कामधंद्यांच्या पाठात होते. बारा बलुतेदारांची यादी वर्तमानकाळात शिकवली जाते आणि मग उत्साहाच्या भरात ‘आपल्या वर्गात सुताराचा मुलगा कोण?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. त्या क्षणी धंदा बाजूला राहतो आणि मुलाची जात वर्गासमोर येते. गावातला बंडी (बैलगाडी) दुरुस्त करणारा कारागीर आज वेल्डिंगही करतो, ज्यांच्या घरी पिढीजात एखादे काम होते त्या घरातली मुलगी परिचारिका झालेली असते, आणि अनेक घरांचा मुख्य आधार शेतमजुरी हाच असतो. म्हणून पाठ माणसाच्या आडनावापासून सुरू न करता कामापासून सुरू करावा. बंडीचे चाक कोण बसवते, कापूस वेचल्यापासून जिनिंगपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जातो, गावातल्या लग्नाच्या पंगतीला किती जणांची मदत लागते, असे प्रश्न विचारले की मुलांना माणसांचे परस्परांवरचे अवलंबन दिसते आणि कोणालाही मान खाली घालावी लागत नाही. ‘तुझे बाबा काय करतात?’ हा प्रश्न भर वर्गात टाळलेलाच बरा. ज्या घरी वडील नाहीत किंवा कर्जापायी घर विसकटले आहे, अशी मुले विदर्भातल्या पुष्कळ वर्गांत बसलेली असतात. वस्त्यांच्या नावांबाबतही हीच काळजी घ्यावी. जातिवाचक वस्तीनावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने 2020 च्या डिसेंबरमध्ये घेतला. तरीही वर्गात काढलेल्या नकाशावर जुनीच नावे लिहिली जातात, आणि मोठ्यांच्या लक्षातसुद्धा येत नाही.

ग्रामपंचायत शिकवताना पदांची गल्लत होते, आणि ती मुलांपेक्षा शिकवणाऱ्यांचीच जास्त होते. तलाठी (2024 पासूनचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’) हा महसूल विभागाचा कर्मचारी असून सातबारा त्याच्याकडे असतो. जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी आणि ग्रामसभेचे इतिवृत्त ही कामे ग्रामसेवकाकडे (2024 पासूनचे पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) असतात. कोतवाल (आता ‘महसूल सेवक’) तलाठ्याच्या मदतीला असतो. आणि पोलीस पाटील निवडून येत नाही, त्याची नेमणूक होते. ही सगळी पदे सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कोंबू नयेत, पण जेवढे सांगायचे तेवढे अचूक असावे. ‘सरपंच म्हणजे गावाचा राजा’ हे वाक्य तर कटाक्षाने टाळावे, कारण एकदा ते मनात बसले की पुढे ग्रामसभा समजावणे अवघड होते. ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, आणि गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो, म्हणजे मुलाची माय आणि आजीसुद्धा; लहान मुलाला एवढे पुरे आहे. मोठ्या वर्गांना गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण अवश्य सांगावे, जिथल्या ग्रामसभेला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला.

सरपंचांना किंवा सिस्टरना वर्गात बोलावल्यावर त्यांचे भाषण होऊ देऊ नये. आदल्या दिवशी मुलांकडून चार-पाच प्रश्न काढून घ्यावेत आणि पाहुण्यांना फक्त त्यांचीच उत्तरे देण्याची विनंती करावी.

मुले मुलाखतीला गेल्यावर गप्प बसत असतील, तर बहुतेक वेळा कारण भाषेत सापडते. वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत बोलल्याबद्दल वर्गात टोकले गेलेले मूल बाहेरही तोंड उघडत नाही. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांची अडचण त्याहून मोठी असते. अशा वेळी प्रश्न मुलाने घरच्या भाषेत विचारावेत आणि नोंद वर्गात एकत्र बसून करावी. ‘आई-वडिलांना विचारून या’ हा अभ्यासही हंगाम पाहूनच द्यावा, कारण मिरची तोडायला गडचिरोलीतली कुटुंबे तेलंगणात गेलेली असतात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत माय अंधार पडल्यावर घरी येते. आजी-आजोबा मात्र बहुधा घरी सापडतात. ‘आजी, नळ नव्हते तेव्हा पाणी कुठून आणायचे?’ एवढे विचारले तरी विहिरीपासून पाणवठ्यावरच्या भेदभावापर्यंत सगळा इतिहास बाहेर येतो. पूर्व विदर्भात याच प्रश्नावरून मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांपर्यंत पोचता येते. हे तलाव कोहळी समाजाच्या कसबाची साक्ष आहेत, आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली तरी नाव मालगुजारीचेच राहिले.

नकाशाची घाई करू नये. उत्तर दिशेपासून सुरुवात केली की लहान मुले गोंधळतात, म्हणून आधी पायी फिरून यावे आणि मग अंगणात रांगोळीने रस्ता काढावा. मुलाने स्वतःचे घर मंदिराहून मोठे काढले तर ते खोडू नये.

परिसरफेरीची वेळ चुकली तर मात्र केवळ धडा बिघडत नाही. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर लहान मुलांना बाहेर नेऊ नये. पावसाळ्यात नाल्याकाठी आणि धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) गवतात जाणे टाळावे, आणि वावरात जायचे असल्यास कास्तकाराला फवारणी केव्हा झाली हे आधी विचारावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते. नुकतीच फवारणी झालेल्या कपाशीत मुलांना नेऊच नये, आणि फवारणीचे रिकामे डबे हाताळू देऊ नयेत.

गाव नीट शिकवले की मुले अडचणीचे प्रश्न विचारू लागतात, आणि तिथे अनेक जण विषय बदलतात. ‘आमच्या वस्तीत पाणी एक दिवसाआड का येते?’ या प्रश्नाला ‘मोठा झाल्यावर कळेल’ हे उत्तर नव्हे. टाकी कुठे आहे, आमची वस्ती चढावर आहे का, वॉल कोण केव्हा फिरवतो हे मुलांनी शिपाईकाकांना विचारावे. उत्तर मिळाले नाही तर मुलांच्या शब्दांतला प्रश्न एखाद्या पालकाच्या सहीने ग्रामपंचायतीला अर्ज म्हणून द्यावा, पोच घ्यावी आणि पुढच्या ग्रामसभेला त्या पालकाला तो विचारायला सांगावे. मिळालेले उत्तर, मग ते समाधानकारक असो वा नसो, दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवावे.