गावात झाडं लावण्याआधी: माळावर शेळ्या चारणाऱ्यांना विचारलंत का?

गेल्या पावसाळ्यात गायरानावर चारशे रोपं लावली आणि महिन्याभरात त्यातली पंचवीसही उरली नाहीत. पाऊस वेळेवर झाला होता, खड्डे नीट होते, रोपं दमदार होती. शेळ्यांनी खाल्ली. दोष शेळ्यांचा नव्हता, आमचा होता. जी माणसं रोज त्या माळावर जनावरं घेऊन जातात, त्यांना आम्ही बैठकीला बोलावलंच नव्हतं. यंदा पुन्हा लावतोय, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: चारणाऱ्यांना आधी विचारा.

जागा कुणाची ते सातबाऱ्यावर बघा आणि ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या. सरपंच "लावा की" म्हणाले, एवढ्यावर भागत नाही; उद्या सरपंच बदलतात आणि त्याच जागेवर दुसरं काही मंजूर होऊन येतं. वरून विजेच्या तारा जात असतील तर त्या पट्ट्यात उंच वाढणारी झाडं नकोत. खतं, कुदळी, घमेली तुमची तुम्हाला कळतात.

आता मुख्य काम. ठरावाच्याही आधी, एप्रिलमध्येच, सकाळी आठच्या सुमाराला माळावर जाऊन उभे राहा. कोण येतं, किती जनावरं घेऊन, कुठल्या बाजूने शिरतं, पाण्यावर कुठून जातं, हे डोळ्यांनी बघा. मग त्यांच्या घरी जा. ग्रामसभेची दवंडी दिली म्हणजे कळवलं असं होत नाही, कारण सभेच्या वेळी ही माणसं रानात असतात. आमच्याकडे हेच झालं. रोपं गेल्यावर मी एका मावशींकडे तावातावाने गेलो. बारा शेळ्या, घर त्यांच्यावरच चालतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी शेरडं वीस वर्षं त्याच वाटेनं जातात. तुम्ही वाटेत पानं लावलीत. मला सांगितलं असतं तर मी पलीकडनं नेली असती." मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर आळ्यांच्या ओल्या मातीत खुरांचे दुभंगलेले ठसे होते आणि मध्ये करंगळीएवढे बोडके दांडे, शेंड्याशी चावून चोथा झालेले.

म्हणून त्यांच्याशी नुसतं बोलू नका, ठरवा. सगळा माळ एकदम बंद करू नका. निम्मा यंदा, निम्मा तीन वर्षांनी. जनावरांची वाट मोकळी सोडा, दोन शेळ्या शेजारी शेजारी जातील एवढी नव्हे, अख्खा कळप जाईल एवढी. बंद पट्ट्यातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्यांचा. पाणी अडवण्यासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली तेव्हाही गवत कापून न्यायची मुभा ठेवली होती. जनावराच्या तोंडचा चारा काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही, तर बंदी टिकत नाही. बाहेरगावचे मेंढपाळ ठरावीक महिन्यांत तिथून जात असतील तर त्यांनाही निरोप हवा. आणि राखणदार नेमायचा असेल तर चारणाऱ्यांतलाच नेमा. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ साली सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट या झाडं लावण्याच्या चळवळीत बायकांना छोटा मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपामागे. आम्ही यंदा राखणीचे पैसे तसेच ठेवलेत.

कुंपण लागेलच, पण कुंपण हे विचारण्याला पर्याय नाही. काटेरी फांद्यांचं कुंपण पहिल्या पावसाळ्यात कुजतं, तारेला लगेच फट पडते. कडेने घायपात, निवडुंग, निरगुडी लावा. जनावर त्यांना सहसा तोंड लावत नाही. सीताफळही शेळ्या खात नाहीत, ते बाहेरच्या ओळीत घ्या. वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, आवळा आतल्या बाजूला. हादगा, शेवरी यांचा एक पट्टा मुद्दाम चाऱ्यासाठी ठेवा, चारणाऱ्यांना दाखवून. झटपट हिरवं दिसावं म्हणून सगळीकडे निलगिरी किंवा गिरिपुष्प लावायला माझा ठाम विरोध आहे. शेळ्या निलगिरी खात नाहीत हे खरं, पण गावाला तरी तिचा काय उपयोग?

खड्डे मे महिन्यात. दीड फूट लांब, रुंद, खोल. मुरमाड जमिनीत दोन फूट. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या. महिनाभर ऊन खाऊ द्या. भरताना वरची माती शेणखत मिसळून तळाशी घाला. पाऊस पडल्यावर खड्डे खणू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्या आठवड्यात प्रत्येकजण आपल्या पेरणीत असतो.

रोपं कंबरेएवढी, निदान वर्षाची. पिशवी उलटी करून बघा. तळाशी मुळांचा वेटोळा झाला असेल तर घेऊ नका. लावताना पिशवी ब्लेडने चिरून पूर्ण काढा आणि पिशव्या मोजून परत घ्या. लहान मुलं पिशवीसकट लावतात, मोठी माणसंही लावतात.

लावण्याचा दिवस पाहुण्यांच्या सोयीने धरू नका. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो, पण माती वीतभर खोल भिजली नसेल तर त्या आठवड्यात लावू नका. आणि त्या दिवशी कुदळ हातात घ्यायच्या आधी पुन्हा एकदा विचारा: चारणाऱ्यांच्या घरी निरोप गेला का? नुसता निरोप नको, त्यांनी यायला हवं. पहिल्या ओळीतली रोपं त्यांच्या हातची असू द्या. मावशी यंदा येणार आहेत, त्यांनी जागाही सांगितली आहे, ओढ्याकडची.

रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा, मातीच्या पातळीला, माती पायाने दाबून, काठीला सैल बांधून. उतार असेल तर आळं खालच्या अंगाला अर्धगोल. वर पालापाचोळा.

पुढचं थोडक्यात. ऑगस्टमध्ये मोजणी, मेलेल्यांच्या जागी लगेच नवी रोपं. दिवाळीनंतर गवत काढून जाळपट्टा, नाहीतर एका विडीने सगळं जातं. उन्हाळ्यात दर आठवड्याला झाडामागे दहा-पंधरा लिटर पाणी, तीन उन्हाळे. कुणाची पाळी कधी ते आत्ताच लिहा.

आणि पट्टा चराईला पुन्हा कधी उघडायचा, तेही ठरावात लिहा. मागच्या पायांवर उभी राहिलेली शेळी पाचेक फुटांपर्यंत सहज पोचते, तेव्हा शेंडे त्याच्या बरेच वर गेले की उघडा, आणि ते ठरवताना चारणाऱ्यांना माळावर सोबत न्या.