सोलापुरात घर विकताय? एजंट निवडताना या चुका टाळा

“मालक, पासष्टच्या खाली बोलूच नका. पार्टी माझ्याकडं तयार हाय.”

जुळे सोलापुरातलं वडिलांचं घर विकायला काढलं, तेव्हा तिसऱ्या एजंटाचं हे पहिलं वाक्य. आधीचे दोघं ५५ ते ५८ लाख बोलून गेले होते, त्यामुळं आम्हा भावंडांना हा एकदम आपला माणूस वाटला. आईनं त्याला चहाबरोबर शेंगापोळी वाढली. ती तयार पार्टी आम्ही आजतागायत पाहिलेली नाही. घर दहा महिने पडून राहिलं आणि शेवटी ५४ लाखांना गेलं.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: जो जास्त भाव बोलेल त्याला घर देणं

भाव बोलायला पैसे पडत नाहीत. घर एकदा हातात आलं की एजंट दोन महिने गप्प बसतो, मग फोन येतो, “बाजार लई थंड हाय मालक, थोडं खाली या.” तोवर पितृपक्ष येतो आणि पंधरा दिवस कुणी घर बघायलाही फिरकत नाही. दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक हलतं, पण त्याला तुमचं घर आधीच माहीत असतं. सोलापूर काही मुंबई नाही. एका भागात घर बघणारे तेच ते लोक असतात आणि सहा महिने न विकलेल्या घराबद्दल त्यांचं एकच मत होतं: कागदात काहीतरी लफडं असणार.

म्हणून भाव विचारण्याआधी एजंटाला विचारा, “गेल्या वर्षभरात याच भागात कोणती घरं विकलीत? केवढ्याला?” खरं काम केलेला माणूस गल्लीसकट सांगतो. दुसरा ‘लई केलेत’ म्हणतो. त्यानं सांगितलेलं पडताळताही येतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश, मोफत शोधता येतो, त्यात व्यवहाराची रक्कम आणि सरकारी बाजारभाव दोन्ही असतात. कागदावरची रक्कम खऱ्यापेक्षा कमी असू शकते, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. पण शेजारचं घर कागदावर ४० लाखांचं आणि एजंट तुमचं ६५ म्हणत असेल, तर मधल्या २५ लाखांचा हिशेब त्यालाच मागा.

सात एजंटांना एकच घर

‘जितके जास्त तितकी गिऱ्हाइकं जास्त’ असं वाटतं, आम्हालाही वाटलं होतं. मग एका रविवारी मेहुण्यानं मला व्हॉट्सअॅपवर आमच्याच घराचा फोटो पाठवला. एका ग्रुपवर ६५, दुसऱ्यावर ६२, तिसऱ्यावर ‘५८, निगोशिएबल’. गेटवरची आईची तुळस तिन्ही फोटोंत तीच. आता गिऱ्हाईक ५८ च्या खालूनच सुरुवात करणार. वर सौदा झाला की ‘पार्टी मी आणली’ म्हणत दोघं दारात उभे.

एकालाच द्या, तीन महिन्यांसाठी, आणि लेखी द्या. दोघांना द्यायचंच असेल तर दोघांना एकच भाव सांगा. कुणी कोणत्या तारखेला कुणाला घर दाखवलं, हे वहीत मांडा.

भाग न बघता माणूस निवडणं

विजापूर रोडवर बंगले विकणारा एजंट मागवाल्यांच्या पूर्वभागात आंधळा असतो. मित्राचं अशोक चौकाजवळ घर होतं, मागं जुन्या मागाची शेड. त्याच्या एजंटानं पाच महिने नोकरदार कुटुंबं आणली. बायका स्वयंपाकघर बघायच्या, मागचं दार उघडून शेड बघायच्या आणि चपला घालायच्या. शेवटी तेलुगू बोलणाऱ्या, त्याच पेठेतल्या एका एजंटानं दोन आठवड्यांत गिऱ्हाईक आणलं, ज्याला शेडच हवी होती. मित्र म्हणाला, “घर नाही बे, शेड विकायची होती ती. आम्हालाच कळलं नाही.”

‘नेट रेट’ला हो म्हणणं

“तुम्हाला ५५ हातात देतो, वरचं माझं.” ऐकायला किती सोपं! पण वरचं म्हणजे किती, हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि गिऱ्हाइकाशी तुमची थेट गाठ पडू नये यासाठी तो जिवाचं रान करतो. याची पुढची पायरी जास्त वाईट. एजंट लाखभर रुपये देऊन इसार पावती, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन केलेला खरेदीचा करार, स्वतःच्याच नावानं करून घेतो, मुदत सहा महिने किंवा एक वर्ष. तेवढ्या काळात गिऱ्हाईक मिळालं तर नफा त्याचा. नाही मिळालं तर मुदत वाढवा म्हणतो, आणि तुम्ही दुसऱ्याला विकायला गेलात की वकिलाची नोटीस. घर तुमचं, पण हात बांधलेले. इसार फक्त खऱ्या खरेदीदाराकडून घ्या. मुदत, उरलेल्या पैशांचे टप्पे आणि सौदा फिसकटल्यास काय, हे पावतीत लिहा.

हा इसार रोखीनंही घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर आयकर कायद्यानं तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, बसू शकतो. “सगळे असंच करतात” म्हणणारा एजंट तो दंड भरणार नाही.

दलालीचं गणितही एकदा कागदावर मांडा. एक टक्क्यानं ६५ लाखांवर ६५ हजार, ५८ वर ५८ हजार. तुमचे सात लाख जातात तेव्हा त्याचे सातच हजार जातात. भाव पाडून सौदा लवकर उरकण्यात त्याला फारसं दुखत नाही, ते यामुळं. आम्ही दुसऱ्या वेळी ठरवलं की ठरलेल्या रकमेपर्यंत एक टक्का, त्यावरच्या रकमेवर पाच टक्के. मग एजंटच गिऱ्हाइकाशी भांडायला लागला.

कागद न मागणारा एजंट

पहिल्याच भेटीत जो उतारा मागत नाही, तो सौदा अर्ध्यावर अडकवणार. पेठांमध्ये सिटी सर्व्हेचा उतारा लागतो, तर हद्दवाढ भागात अनेक जागा अजून सातबाऱ्यावर आहेत आणि बऱ्याच गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या. गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची वाट खुली झाली, पण तुमची जागा नियमित झालेली नसेल तर गिऱ्हाइकाचं बँकेचं कर्ज तिथंच अडतं. वारस नोंद, बहिणींचं हक्कसोडपत्र, घरपट्टीची पावती ही तयारी बोर्ड लावण्याआधीची. एजंटाला झेरॉक्स द्या, मूळ कागद कधीच नाही.

रेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नंबरही विचारा. महारेराकडं नोंदणी केलेल्या एजंटाचा नंबर ‘ए’नं सुरू होतो आणि त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कायद्यानं ही नोंदणी रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी सक्तीची आहे. त्यामुळं जुनी बैठी घरंच विकणाऱ्याकडं नंबर नसला म्हणून तो लबाड ठरत नाही, आणि नंबर असला म्हणून साव ठरत नाही.

पुण्याला राहणाऱ्यांसाठी

शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं यायचं, रविवारी घर उघडायचं, धूळ झटकायची, पार्टी न येताच परत जायचं. याला कंटाळून लोक एजंटाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार, देऊन टाकतात. देऊ नका. नुसत्या मुखत्यारपत्रावरच्या ‘विक्री’नं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय, पण तेवढ्या कागदावर घोळ मात्र भरपूर घालता येतो. फार तर किल्ली द्या, तीही पावती घेऊन. आणि भाऊबहिणींपैकी कुणी परदेशात स्थायिक असेल तर एजंटाच्या आधी सीए गाठा. ५० लाख किंवा त्यावरच्या सौद्यात खरेदीदार एरवी एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतो, अनिवासी विक्रेत्याच्या वाट्याला कपात बरीच मोठी असते.

आधीच अडकला असाल तर

तोंडी दिलं असेल तर व्हॉट्सअॅपवर स्पष्ट लिहा: अमुक तारखेपासून घर तुमच्याकडं नाही. त्याच्याकडून त्यानं आजवर आणलेल्या लोकांची यादी मागून घ्या, म्हणजे पुढं दलालीवरून वाद होत नाही. लेखी करार असेल तर मुदत बघा, संपायला महिना उरला असेल तर भांडण्यापेक्षा थांबणं परवडतं. मुखत्यारपत्र दिलं असेल तर मात्र थांबू नका, वकिलाकडून रद्द करून घ्या, नोंदणीकृत असेल तर रद्दपत्रही नोंदवा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

आमचं घर शेवटी विकलं ते पहिल्या एजंटानं, जो ५५ बोलला होता. आला तेव्हा त्यानं आधी उतारा मागितला, मग अंगणातला नळ उघडून बघत विचारलं, “पाणी कितव्या दिवशी येतं? बोअर हाय का?” गिऱ्हाइकानंही पुढं नेमकं तेच विचारलं. तिसऱ्याचा ‘विकणे आहे’ बोर्ड गेटवरून काढायचं मात्र आम्ही विसरलो. तो नव्या मालकांनी काढला. राहायला आल्यावर महिनाभर लोक बेल वाजवून त्यांना घराची किंमत विचारत होते.