सासूबाईंची देवासची बस, आणि फोनवरून डिमेन्शियाची मदत कशी घ्यायची

आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो, सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, आणि रोज पाच वाजले की त्या पिशवीत टॉवेल, जपमाळ आणि टीव्हीचा रिमोट भरून दारात उभ्या, देवासची बस चुकेल म्हणून. माहेर देवासचं, आता तिथे कुणीच नाही. त्यांना एकटं टाकून मी कुठे विचारायला जाणार, म्हणून जे शिकले ते सगळं फोनवरच.

आधी वही लिहा, फोन नंतर. "आई फार त्रास देतात" एवढंच सांगितलं तर समोरचा तरी काय सांगणार? आठवडाभर लिहा: किती वाजता, त्याआधी काय झालं, आपण काय बोललो, मग काय झालं. माझ्या वहीतच दिसलं की चहा लांबला आणि खोलीत अंधारून आलं की बस हमखास. गोळ्यांची नावं मागच्या पानावर.

मग नंबर. टेली-मानस 14416, मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, 24 तास, 2022 पासून आहे, आणि हा आपल्यासाठीपण आहे बरं का, झोप उडाली, चिडचिड होतेय, रडू येतंय तरी लावा. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं, कायद्याचं काही असेल तर एल्डर लाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8. शिकायचं असेल तर डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) आयसपोर्ट कोर्स, डिमेन्शियाच्या पेशंटची काळजी घेणाऱ्यांसाठी, 5 भाग, 23 धडे. वागणुकीचा भाग शेवटी आहे, मी तोच आधी उघडला, क्रम गेला खड्ड्यात.

कॉल पेशंटसमोर करू नका, त्यांना कळतं. शेजारच्या काकूंना अर्धा तास बसवायचं आणि आपण गच्चीवर. एका कॉलला एकच प्रश्न, दहा विचारले की एकाचंही धड उत्तर मिळत नाही. मी फक्त बसचं विचारलं. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, वाद घालू नका, तिथे कुणी नाही हे रोज सांगून त्यांना रोज नव्याने दुःख कशाला देता. आता मी म्हणते, "चला, चहा घेऊन निघू." पिशवी मी धरते, गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर, वाटेत देवासच्या वाड्याच्या गप्पा, घरी येईस्तोवर बस विसरलेली. रोज जमतं असं नाही हं.

लांबून सल्ले देणाऱ्या नातेवाईकांना काम लावा. पुण्याचे दीर आता साडेचारला व्हिडिओ कॉल करतात, दोघं रामरक्षा म्हणतात, ती आईंना अजून अख्खी पाठ आहे, तेवढ्यात माझी आंघोळ.

आणि एक. एक-दोन दिवसांत अचानक जास्त बरळायला लागल्या, सारख्या झोपूनच राहिल्या, ताप आला किंवा पडल्या, तर फोनवर बसू नका, सरळ डॉक्टर. गेल्या पावसाळ्यात मी आजार वाढला असं समजून दोन दिवसांनंतरच्या व्हिडिओ अपॉइंटमेंटची वाट बघत बसले आणि निघालं लघवीचं इन्फेक्शन. ती अपॉइंटमेंट मी दवाखान्यात जाताना रिक्षातून कॅन्सल केली.