भावाला चौकीवर बसवून ठेवलं तेव्हा
माझ्या धाकट्या भावाला ‘चौकशीला’ म्हणून नेलं आणि दोन रात्री सोडलं नाही. अटकेची नोंद कुठेच नव्हती. तेव्हा जे कळलं ते सांगते.

आधी वेळ लिहून ठेवा. कधी नेलं, कोणी नेलं, गाडीचा नंबर. सगळा खटला या वेळेवर उभा राहतो, कारण घटनेच्या कलम 22 प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. पोलीस अटक उशिराची दाखवतात, म्हणून लगेच पोलीस अधीक्षकांना ई-मेल किंवा स्पीड पोस्ट करा, पावती जपा. मी फक्त फोन करत बसले, त्याचा पुरावा काहीच उरला नाही.

अटक दाखवली असेल, तर अटक पंचनामा आणि कारणं लेखी मागा. दाखवलीच नसेल, तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात घटनेच्या कलम 226 खाली हेबियस कॉर्पस (ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी याचिका) दाखल करा; नातेवाईकही करू शकतात.

मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेटसमोरच सांगायला लावा, वैद्यकीय तपासणी मागा. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.