घर, माडी आणि कोठा: अनेक डीबींना एकच अर्थिंग

विदर्भातील खेड्यांत बहुतेक घरांना खांबावरून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात. अर्थिंगची तिसरी तार आपल्यालाच जमिनीतून घ्यावी लागते. घरावर माडी चढली, अंगणापलीकडे गुरांचा कोठा झाला, की तेथे नवी डीबी (वीज वाटून देणारी पेटी) बसते आणि तिच्यासाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा खणून काम संपवले जाते. हे धोक्याचे आहे. खड्डे एकमेकांना जोडलेले नसले, तर एका भागात बिघाड होताच तेथील लोखंडावर व्होल्टेज चढते आणि शेजारच्या भागातल्या लोखंडावर मात्र व्होल्टेज नसते. दोन्हींना एकाच वेळी हात लागला की झटका बसतो.

मेन डीबीतील अर्थ पट्टीलाच सगळ्या घराचे अर्थिंग जोडावे. तेथून प्रत्येक डीबीकडे फेज आणि न्यूट्रलसोबत अर्थिंगची हिरवी तार न्यावी. फेजची तांब्याची तार 16 चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर हिरवी तारही तेवढ्याच जाडीची घ्यावी. कोठ्याजवळ दुसरा खड्डा अवश्य करावा, पण तोही याच पट्टीला जोडावा. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असल्यामुळे माणसाला जाणवणार नाही एवढ्या व्होल्टेजनेही त्यांना इजा होते, म्हणून कोठ्यातील लोखंडी खांब आणि पाण्याचा पाइप हिरव्या तारेला जोडायला विसरू नये.

न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठेही एकत्र करू नयेत. प्रत्येक डीबीत दोघांच्या पट्ट्या वेगळ्या हव्यात. थ्री-पिन सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडले आणि पुढे खांबावर न्यूट्रल तुटला, तर फ्रिजचा पत्रा थेट 230 व्होल्टवर येतो.

आपली काळी जमीन पावसाळ्यात उत्तम अर्थ देते, परंतु वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या की माती पाइपपासून सुटते. त्यामुळे 40 मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप भिंतीपासून दीड मीटर दूर, शक्यतो न्हाणीचे पाणी जिरते तेथे उभा पुरावा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी ओतावे.

एवढे करूनही आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळताच वीज तोडणारे उपकरण) लागतेच. अर्थिंगचा रोध 5 ओहम इतका चांगला आला, तरी बिघाडात फार तर 46 अँपिअर वाहतील. 32 अँपिअरची सी-प्रकारची एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) झटकन पडायला मात्र किमान 160 अँपिअर लागतात. म्हणून प्रत्येक उप-डीबीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. एका आरसीसीबीचा न्यूट्रल दुसरीच्या पट्टीवर गेला, तर दोन्ही विनाकारण पडत राहतात.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद ठेवून करून घ्यावे. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबल्याने फक्त आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नव्हे. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने, आणि तोही मे महिन्यात, मोजून घ्यावा.